इगतपुरीची शीळ जालन्यात का नाही?

मुंबईहून जालन्याकडे जाणारी गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला येते. फलाटाच्या टोकाला स्थानकाच्या नावाची पिवळी पाटी असते आणि नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. इगतपुरीची उंची आहे सुमारे ६०० मीटर. तीच गाडी नाशिक, मनमाड, छत्रपती संभाजीनगर करत जालन्याला पोहोचते. जालन्याची उंची सुमारे ५०० मीटर. म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर प्रवास करून आपण जेमतेम शंभर मीटर खाली उतरलेलो असतो.

इगतपुरीच्या आसपासच्या घळींत आणि ओढ्यांच्या काठी पावसाळ्याच्या पहाटे एक शीळ ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटते, कोणी मुलगा मजेत शीळ घालत चालला आहे. सुरावट अर्ध्यात सोडतो, पुन्हा धरतो, मध्येच भलतीकडे वळवतो. इंग्रजांनी या पक्ष्याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोरगा’ असेच टोपणनाव दिले होते. मराठीत याला शीळकरी कस्तूर म्हणतात. शास्त्रीय नाव मायोफोनस हॉर्सफिल्डाय.

पक्ष्यांच्या पुस्तकात या कस्तूराच्या नावापुढे लिहिलेले असते : डोंगरांच्या पायथ्यापासून सुमारे २२०० मीटर उंचीपर्यंत. जालन्याचे ५०० मीटर या पट्ट्यात अगदी सहज बसतात. जिल्ह्याचा उत्तरेकडील डोंगराळ भाग तर शहरापेक्षाही उंच आहे. तरीही जालना जिल्ह्यात या पक्ष्याची वस्ती नाही. असे का, याचे उत्तर शोधताना ‘पक्षी कुठे राहतो’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा बराच उलगडा होतो.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

एखादी जात कुठे आढळते हे सांगताना शास्त्रज्ञ दोन गोष्टी सांगतात. पहिली म्हणजे नकाशावरचे प्रसारक्षेत्र, म्हणजे पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर ती जात कुठवर पसरली आहे. दुसरी म्हणजे उंचीचा पट्टा, म्हणजे समुद्रसपाटीपासून किती मीटर ते किती मीटर उंचीपर्यंत ती राहते. पहिली गोष्ट आडवी, दुसरी उभी.

शीळकरी कस्तूराचे आडवे क्षेत्र मोठे गमतीचे आहे. सह्याद्रीच्या रांगेत डांगच्या जंगलांपासून थेट केरळपर्यंत तो आहे. उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगांत, पचमढीच्या घळींत तो आहे. पूर्व घाटाच्या काही भागांतही आहे. महाराष्ट्राचा नकाशा समोर धरा. सह्याद्री दक्षिणोत्तर उभा आहे, सातपुडा पूर्व-पश्चिम आडवा आहे. या जणू काटकोनाच्या दोन भुजा, आणि जालना त्या काटकोनाच्या आत पडलेले. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, उत्तरेला सातपुडा दीडशेच्या आसपास. दोन्ही भुजांवर कस्तूर आहे, मधल्या जागेत नाही.

मधली जागा उंचीला कमी पडते म्हणून तसे झाले, असे मात्र म्हणता येत नाही. मुंबईजवळच्या कर्नाळ्याला हा पक्षी नेहमी दिसतो आणि ते ठिकाण जालन्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही तो आहे. म्हणजे जालन्यापेक्षा खाली तो राहतो, जालन्यापेक्षा वर राहतो, फक्त जालन्यात राहत नाही.

निसर्गाने मांडलेला प्रयोग

प्रयोगशाळेत आपण एक नियम पाळतो. एखाद्या गोष्टीचा परिणाम पाहायचा असेल तर बाकीच्या सर्व गोष्टी सारख्या ठेवायच्या आणि फक्त तीच बदलायची. इगतपुरी आणि जालना यांच्या बाबतीत निसर्गाने हे काम बऱ्याच अंशी करून ठेवले आहे.

दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. इगतपुरी १९.७ अंश उत्तर, जालना १९.८ अंश उत्तर. त्यामुळे सूर्याची उष्णता आणि दिवसाची लांबी सारखीच. दोन्हीकडे खडक तोच, लाव्हारस थंड होऊन बनलेला दख्खनचा काळा बेसॉल्ट. उंचीत फरक शंभर मीटरचा. मग वेगळे काय आहे? पाऊस. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. जालन्याला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सगळ्या वर्षी सारखा नाही.

कारण सर्वांना माहीत आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच बरसतात. माथा ओलांडला की वारा उतरू लागतो, तापतो आणि कोरडा होतो. हा बदल किती झपाट्याने होतो ते पाहायचे असेल तर महाबळेश्वर आणि पाचगणीचे आकडे पाहावेत. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर असलेल्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आणखी खाली वाईला त्याहूनही कमी. जालना तर या पर्जन्यछायेत खूप आत आहे.

इगतपुरीहून गाडी पूर्वेला निघाली की खिडकीतून हे दिसते. आधी हिरवे डोंगर, मग द्राक्षांचे मळे, मग मोकळे माळ आणि कापसाची शेते. कस्तूर या प्रवासात फार लवकर मागे राहतो.

पाऊस पक्ष्यापर्यंत कसा पोहोचतो?

पक्षी पर्जन्यमापक पाहून घर निवडत नाही. मग पावसाचा आकडा त्याच्या पोटापर्यंत आणि घरट्यापर्यंत कसा येतो ते पाहू.

शीळकरी कस्तूर साळुंकीपेक्षा थोडा मोठा, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा पक्षी. दुरून काळा दिसतो. उन्हाची तिरीप पडली की कपाळ आणि खांदे निळे चमकतात. तो ओढ्याच्या काठचा रहिवासी आहे. ओल्या दगडांवरून उड्या मारत तो खेकडे, गोगलगायी, लहान बेडूक, गांडुळे आणि किडे टिपतो. रानफळेही खातो. घरटे बांधतो तेही पाण्याजवळच्या खडकाच्या कपारीत, कधी कधी धबधब्याच्या पडद्यामागे. शेवाळ आणि मुळ्या चिखलाने लिंपून ते केलेले असते. विणीचा मुख्य काळ पावसाळ्याचा, कारण तेव्हा खाद्य मुबलक असते.

आता यादी करा. त्याला उभा खडक हवा, त्यावर शेवाळ हवे, जवळ पाणी हवे, पाण्यात खेकडे हवेत आणि डोक्यावर दाट सावली हवी. यांतील खडक जालन्यात भरपूर आहे. बाकीच्या चारही गोष्टी पावसाच्या आकड्याला बांधलेल्या आहेत. तीन हजार मिलिमीटर पावसात डोंगर भिजलेल्या स्पंजासारखा होतो आणि पाऊस थांबल्यावरही झऱ्यांवाटे पाणी सोडत राहतो. घळीच्या तळाशी डोह टिकतात. झाडे दाट वाढतात आणि त्यांची सावली डोहांचे पाणी राखते. सातशे मिलिमीटरमध्ये हे गणित बसत नाही. कुंडलिका, दुधना यांसारख्या नद्यांची पात्रे उन्हाळ्यात बहुतेक कोरडी पडतात. जंगलाचे म्हणाल तर जिल्ह्याच्या क्षेत्रफळात त्याचा वाटा शेकडा दोन भागही नाही.

त्यात तापमानाची भर पडते. उंची दर हजार मीटर वाढली की हवा साधारण साडेसहा अंश सेल्सियसने थंड होते. या हिशेबाने शंभर मीटरच्या फरकामुळे इगतपुरी आणि जालना यांच्या तापमानात जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक पडायला हवा. प्रत्यक्षात मे महिन्याच्या दुपारी जालन्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि इगतपुरी त्या मानाने कितीतरी सुसह्य असते. हा जादा फरक उंचीने आणलेला नाही. तो समुद्राकडून येणाऱ्या दमट वाऱ्याने, ढगांनी आणि झाडांनी आणलेला आहे.

म्हणून पुस्तकातला ‘पायथा ते २२०० मीटर’ हा आकडा खरा असला तरी अपुरा आहे. तो सांगतो की योग्य जागा मिळाली तर इतक्या उंचीपर्यंत हा पक्षी राहू शकतो. इतक्या उंचीवर सगळीकडे तो असेल, असे तो आकडा सांगत नाही.

जालन्यातला नातलग

जालन्याला कस्तूर नाही म्हणून वाईट वाटायला नको. त्याचा एक नातलग तिथे घरोघरी आहे. तो म्हणजे चिरक. नर काळा, पंखावर पांढरा डाग, वर उभारलेली शेपटी आणि तिच्याखाली तांबूस रंग. शाळेच्या कुंपणावर, दगडांच्या राशीवर, विहिरीच्या कठड्यावर तो दिसतोच. जुन्या वर्गीकरणात कस्तूराची गणना थ्रश कुलात होत असे. आता शीळकरी कस्तूर आणि चिरक या दोघांनाही माशीमार पक्ष्यांच्या मस्किकॅपिडी या एकाच कुलात ठेवतात.

दोघांनाही दगडधोंडे आवडतात. दोघेही बिळा-कपारींत घरटी करतात. पण एकाला ओला दगड हवा, दुसऱ्याला तापलेला. चिरक माळरानावर, काटेरी झुडपांत आणि शेताच्या बांधावर किडे टिपतो, आणि सह्याद्रीच्या दाट ओल्या जंगलात मात्र शिरत नाही. म्हणजे जालन्याहून पश्चिमेकडे निघालो तर कुठेतरी चिरक संपतो आणि कस्तूर सुरू होतो. कोरड्या मुलखालाही स्वतःचे रहिवासी असतात. त्याला ‘पक्ष्यांनी सोडून दिलेला प्रदेश’ समजणे चुकीचे आहे.

सातपुड्याचा हमरस्ता

आता काटकोनाच्या दोन भुजांकडे पुन्हा येऊ. कस्तूराचे बहुतेक भाऊबंद हिमालयात, आग्नेय आशियात, जावा-सुमात्रा बेटांवर आणि तैवानात आहेत. ओल्या डोंगरांतले हे कुटुंब दक्षिण भारतात कोणत्या वाटेने आले असेल?

मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांना असाच प्रश्न माशांबद्दल पडला होता. वेगवान ओढ्यांत खडकाला चिकटून राहणारे काही मासे पूर्व हिमालयात आहेत आणि त्यांचे सगेसोयरे एकदम सह्याद्रीत आहेत. मधल्या मैदानांत ते नाहीत. होरा यांनी सुचवले की पूर्वी हवामान अधिक ओले असताना विंध्य-सातपुड्याच्या रांगा हा या जीवांचा पूल होता. याला ‘सातपुडा सिद्धान्त’ म्हणतात. १९४९ साली डॉ. सालिम अली यांनी याच दृष्टीने पक्ष्यांचा विचार मांडला आणि सातपुड्याच्या रांगेला पक्ष्यांचा हमरस्ता म्हटले.

सालिम अली यांना हा मुलूख पायाखालचा होता. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती, आणि जालना तेव्हा त्याच संस्थानात होते.

आज जनुकांच्या अभ्यासावरून दिसते की सर्व जीव एकाच वाटेने आणि एकाच काळी आले नाहीत. होरा यांचे उत्तर सर्वांना लागू पडत नाही. पण त्यामागची दृष्टी टिकून आहे. ओल्या जंगलातल्या जीवाला डोंगररांग हा रस्ता असतो आणि कोरडे पठार ही दरी असते, मग ते पठार उंचीला डोंगराइतके का असेना.

जिथे उंची खरोखरच भिंत होते

यावरून उंचीला काहीच महत्त्व नाही असा अर्थ कोणी काढू नये. सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाला याच्या उलट उदाहरण आहे.

निलगिरी, अनैमलै, पळणी या पर्वतांच्या माथ्यांवर शोला नावाची ठेंगणी, थंड, धुक्यातली जंगले आहेत. त्यांत शोलाकिळी नावाचे छोटे निळे पक्षी राहतात. ते साधारणपणे हजार-बाराशे मीटरच्या खाली उतरत नाहीत. निलगिरी आणि अनैमलै यांच्यामध्ये पालघाटची खिंड आहे. ती तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे आणि तिचा तळ तीनशे मीटरपेक्षाही खाली आहे. उडणाऱ्या पक्ष्याला हे अंतर म्हणजे काहीच नाही, असे आपल्याला वाटते. पण खिंडीच्या उत्तरेची शोलाकिळी वेगळी आणि दक्षिणेची वेगळी. २०१७ साली जनुकांच्या अभ्यासावरून या पक्ष्यांना स्वतंत्र प्रजाती मानले गेले आणि आणखी दक्षिणेच्या अशांबू टेकड्यांमधली शोलाकिळी ही नवी जात म्हणून नोंदली गेली. त्या पक्ष्यांच्या दृष्टीने प्रत्येक माथा हे एक बेट आहे आणि उष्ण खिंड हा समुद्र आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९६७ साली याचे एक कारण सुचवले. थंड प्रदेशांत हिवाळा आणि उन्हाळा यांत तापमानाचा मोठा फरक असतो, म्हणून तिथल्या प्राण्यांना घरबसल्याच सर्व तऱ्हेच्या हवेची सवय होते. उष्ण कटिबंधातील ओल्या जंगलात वर्षभर हवा फारशी बदलत नाही. तिथल्या प्राण्याला चार-पाच अंशांचा फरकही परका वाटतो. म्हणून सारख्याच उंचीचा डोंगर किंवा सारख्याच खोलीची खिंड उष्ण कटिबंधात अधिक मोठा अडथळा ठरते. हिमालयातला निळा शीळकरी कस्तूर उन्हाळ्यात उंचावर विणीला जातो आणि हिवाळ्यात पायथ्याशी उतरतो. जानेवारीची पहाटेची थंडी आणि मेचा चाळिशीपलीकडचा पारा सोसणारा आपला चिरकही तसाच काटक. शोलाकिळीला ही सवय नाही.

म्हणूनच तापणाऱ्या हवेची चिंता अशा पक्ष्यांबाबत अधिक आहे. पेरू देशातील एका डोंगरधारेवरील पक्ष्यांची १९८५ साली मोजणी झाली होती. २०१७ साली तीच मोजणी पुन्हा केली तेव्हा पक्षी सरासरीने वर सरकलेले आढळले आणि शिखराजवळ पूर्वी नेहमी दिसणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत. वर जायला डोंगरच उरला नाही. शीळकरी कस्तूराचा उभा पट्टा मोठा असल्याने त्याला ही भीती कमी आहे. त्याला भीती आहे ती झरे आटण्याची आणि ओढ्याकाठची सावली तोडली जाण्याची.

नकाशातली रंगवलेली जागा

पुस्तकातल्या नकाशात एखादा भाग रंगवलेला असला की तिथे तो पक्षी आहेच, असे आपण धरून चालतो. २०१७ साली पश्चिम घाटातील १८ प्रदेशनिष्ठ पक्षिजातींचा असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने वापरलेले नकाशे घेतले आणि ते पक्षिनिरीक्षकांनी प्रत्यक्ष केलेल्या नोंदींशी ताडून पाहिले. १८ पैकी १७ जातींचे क्षेत्र नकाशात वाजवीपेक्षा मोठे दाखवलेले आढळले. हा नुसता रेघोट्यांचा प्रश्न नाही. एखादी जात किती धोक्यात आहे हे ठरवताना तिच्या क्षेत्राचा आकार पाहतात. नकाशा फुगलेला असेल तर धोका लहान दिसतो आणि संरक्षण उशिरा मिळते.

हा दोष ज्या नोंदींमुळे कळला त्या बहुतांशी हौशी लोकांच्या होत्या. अशा नोंदी सह्याद्रीतून पुष्कळ येतात, मराठवाड्यातून त्या मानाने थोड्या. जालना जिल्ह्याच्या उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याचे डोंगर आहेत. पावसाळ्यात तिथल्या नाल्यांना पाणी असते. पावसाळ्यानंतर काही शीळकरी कस्तूर मूळ जागा सोडून दूरवर पांगतात. एखादा चुकार पक्षी तिथे दिसला तर ती मोलाची नोंद ठरेल. मात्र एक पक्षी दिसणे आणि जातीची वस्ती असणे यांत फरक आहे. घरटे, पिले किंवा वर्षानुवर्षे त्याच जागी दिसणे, यांपैकी काहीतरी हवे.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. रेल्वेमार्गावरील स्थानकांच्या पाट्यांवरून उंचीचे आकडे जमवा. इगतपुरी ते जालना असा उंचीचा आलेख काढा आणि त्याखाली त्या त्या गावाच्या पावसाचा आलेख काढा. कोणता जास्त झपाट्याने बदलतो?

२. एप्रिलच्या दुपारी दोन तापमापक घ्या. एक वडाच्या दाट सावलीत, एक मोकळ्या शेतात पत्र्याच्या आडोशाला टांगा. आलेल्या फरकाला साडेसहा अंशांच्या नियमाने भागून पाहा. तेवढा गारवा मिळवायला किती मीटर चढावे लागले असते?

३. चिरकाच्या नराची पाठ नीट पाहा. उत्तर भारतात ती तपकिरी असते, दक्षिणेत काळी आणि दख्खनच्या मधल्या भागात दोहोंच्या दरम्यानची. तुमच्या गावातले नर कसे आहेत ते तारीख, जागा आणि उजेड यांसह वहीत लिहा.

४. महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी अर्धा तास थांबून पक्ष्यांची यादी करा. जो पक्षी शोधला पण मिळाला नाही त्याच्यापुढे शून्य लिहा. शून्य लिहिलेली जागा आणि कोणी कधी पाहिलीच नाही अशी जागा नकाशावर सारख्याच कोऱ्या दिसतात. त्यांतला फरक फक्त अशा वहीवरून कळतो.